सही आणि कारणं

आमच्या सोसायटीच्या मागच्या मीटिंगमध्ये एक छोटी गोष्ट घडली आणि ती काही डोक्यातून जात नाहीये. बी विंगमधलं एक पार्सल गायब झालं होतं, आत महागडा फोन, आणि गेटवर नाव लिहून घेणारा वॉचमन एकच, त्यामुळे कुणी काही न विचारता सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्याला काही दिवस कामावरून बसवलं. ग्रुपवर मेसेज फिरले, "आधीच सांगत होतो" वगैरे. मग ते पार्सल शेजारच्याच फ्लॅटमध्ये कपाटात सापडलं, घरातल्या आजींनी डिलिव्हरीवाल्याकडून घेऊन जपून ठेवलं होतं आणि सांगायचं राहून गेलं होतं. त्या दिवशी मीटिंगला वॉचमनला बोलावलं, चहा दिला, आणि कमिटीतलं कुणीतरी अगदी मोठ्या मनाने म्हणालं, "झालं गेलं विसरून जा, कमिटीने तुम्हाला माफ केलंय, उद्यापासून या." त्याने चहाचा कप हातातच धरला होता. तो हळू म्हणाला, "माफ कशाला साहेब, मी घेतलंच नव्हतं ना. तसं ग्रुपवर टाका की." पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग उत्तर आलं, "कामावर घेतलं ना परत? आता अजून काय पाहिजे?" मी बोलले, माझ्या बाजूच्या वहिनी पण बोलल्या, की एक ओळ लिहायला काय जातंय, पण तोवर लिफ्टच्या एएमसीचा मुद्दा निघाला आणि हा विषय पुढच्या मीटिंगवर गेला.

घरी येऊन भांडी घासताना, खरं सांगते, मला शिकागोची आठवण आली. म्हणजे मी तिकडे कधी गेलेली नाही. पण शिकागो हा आमच्या घरात लहानपणापासूनचा शब्द आहे. बाबा गिरणीत होते, लालबागला, आणि एक मे आला की ते सकाळी पांढरा शर्ट घालून हुतात्मा चौकात जायचे, परत येताना लाल कागदाचं एखादं पत्रक खिशात घडी घालून आणायचे आणि संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत बसून आम्हाला गोष्ट सांगायचे. आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोच्या कामगारांनी संप केला, बॉम्ब फुटला, आणि कामगारांच्या पुढाऱ्यांना फाशी दिली. बाबांच्या अंगाला तेव्हा तेलाचा आणि कापसाच्या धुळीचा वास असायचा, सुट्टीच्या दिवशीही तो जायचा नाही, आणि फाशीचं सांगताना त्यांचा आवाज इतका खाली जायचा की खालच्या नळावरच्या बायकांचा कलकलाट त्याच्यावर यायचा. गोष्ट तिथेच संपायची. फासाच्या दोरापाशी. पुढे काय झालं असं आम्ही कधी विचारलं नाही, कारण फाशीच्या पुढे काय असणार.

पुढे होतं. पुढे एक गव्हर्नर होता.

त्याचं नाव जॉन पीटर अल्टगेल्ड. मला तो फार उशिरा भेटला, बाबा गेल्यावर, त्यांची पत्रकं आवरताना मूळ खटल्याबद्दल वाचावंसं वाटलं तेव्हा. आणि तेव्हापासून मला वाटत आलंय की आमच्या गॅलरीतल्या गोष्टीतून हा माणूस गळायला नको होता. तो हुतात्मा नव्हता, कामगार पुढारीही नव्हता, हे कारण असावं. शिवाय तो चांगला श्रीमंत होता. जमिनी घेऊन विकून, इमारती बांधून पैसा केलेला, राजकारणात मुरलेला, महत्त्वाकांक्षी माणूस. अशा माणसाला एक मेच्या पत्रकात कुठे बसवायचं हा प्रश्नच आहे.

पण त्याची सुरुवात बघा. १८४७च्या डिसेंबरात जर्मनीत जन्म, काही महिन्यांचा असताना आईबाप त्याला घेऊन अमेरिकेत आले, ओहायोमध्ये मॅन्सफील्डजवळ शेती करायला लागले. बाप अडाणी, कष्टाळू आणि कडक, पोरगा शिकतोय म्हणजे शेतातला एक हात कमी होतोय असा हिशोब करणारा. सोळाव्या वर्षी पोरगा यादवी युद्धात शंभर दिवसांच्या पलटणीत भरती झाला आणि व्हर्जिनियातून ताप घेऊन आला, तो ताप त्याला आयुष्यभर पुरला. मग पायी पायी पश्चिमेकडे निघाला, आर्कान्सामध्ये रेल्वेच्या कामावर मजुरी केली, तिथे पुन्हा तापाने पाडलं, तसाच मिसुरीत पोचला, शिकवण्या करत कायदा शिकला, सव्हॅना नावाच्या गावात वकील झाला, तिथल्या काउंटीचा सरकारी वकील म्हणून निवडून आला, आणि १८७५ला सगळं सोडून शिकागोला गेला जिथे त्याला कुत्रं ओळखत नव्हतं. जर्मन वळणाचा उच्चार, वरचा ओठ जन्मतःच थोडा फाटलेला म्हणून दाढी, आणि खिशात फारसं काही नाही. दहा-पंधरा वर्षांत तो श्रीमंत झाला. डिअरबॉर्न स्ट्रीटवर त्याने सोळा मजल्यांची युनिटी बिल्डिंग बांधली, त्या काळात सोळा मजले म्हणजे मान वर करून बघायची गोष्ट, आणि मूल नसलेल्या त्या नवराबायकोचा त्या इमारतीवर लेकरासारखा जीव होता.

या सगळ्यात त्याने १८८४ला एक छोटं पुस्तक लिहिलं, आपली शिक्षेची यंत्रणा आणि तिचे बळी अशा विषयावर. तुरुंगात कोण जातं ते बघा, गरीब जातात, पोरकी मुलं जातात, आणि तुरुंग त्यांना सुधारत नाही, आणखी बिघडवून बाहेर सोडतो, असं आकडे देऊन मांडलेलं. ते पुस्तक ओहायोतल्या एका लहान गावातल्या तरुण वकिलाच्या हाती पडलं आणि तो इतका हलला की पुढे शिकागोलाच येऊन राहिला. तो वकील म्हणजे क्लॅरन्स डॅरो, पुढे अमेरिकेतला सगळ्यात गाजलेला बचावाचा वकील. ही मैत्री पुढे शेवटपर्यंत टिकली, अगदी सरणापर्यंत म्हणू का, कारण अल्टगेल्डच्या अंत्यविधीत बोलायला डॅरोच उभा होता.

आता बॉम्बचं. ३ मे १८८६ला मॅकॉर्मिकच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या घातल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमार्केट चौकाजवळ निषेध सभा. गर्दी बेताची, रात्री पावसाचं वातावरण झालं तशी आणखी पांगली. शिकागोचा मेयर कार्टर हॅरिसन स्वतः येऊन ऐकून गेला आणि जाताना पोलीस ठाण्यात सांगून गेला की सभा शांत आहे, जादा शिपाई घरी पाठवा. तो गेल्यावर कॅप्टन बॉनफील्ड मोठी तुकडी घेऊन निघाला. तेव्हा गाडीवर उभा राहून सॅम्युएल फील्डन बोलत होता, इंग्लंडातून आलेला, दगडाच्या गाड्या हाकणारा, कधीकाळी धर्मोपदेश करणारा. पोलीस म्हणाले पांगा, तो म्हणाला आम्ही शांत आहोत, आणि तेवढ्यात कुणीतरी बॉम्ब फेकला. सात पोलीस गेले, पोलिसांच्या गोळीबारात गर्दीतलेही मेले. बॉम्ब कुणी टाकला ते आजपर्यंत ठरलेलं नाही. पण आठ माणसांवर खुनाचा खटला चालला. त्यातले काही तर तेव्हा तिथे हजरही नव्हते. ११ नोव्हेंबर १८८७ला चौघांना फाशी दिली, स्पीस, पार्सन्स, फिशर, एंगेल. लिंग आदल्या दिवशी कोठडीतच मेला. फील्डन आणि श्वाबची फाशी तेव्हाच्या गव्हर्नरने जन्मठेपेवर आणली. आणि ऑस्कर नीबीला पंधरा वर्षं.

त्याच दशकात इकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी रविवारची एक सुट्टी मागत होते, ती मिळाली १० जून १८९०ला. म्हणजे काळ एकच होता, भोंगे दोन्हीकडे वाजत होते.

चौघांना फाशी झाली तेव्हा अल्टगेल्ड शिकागोतच होता, तिथल्याच कोर्टात जज होता. आणि तेव्हा तो जाहीरपणे काही बोलला नाही. मला हे टोचतं. मी बऱ्याचदा स्वतःशी वाद घातलाय यावर, की एवढी समज असलेला माणूस गप्प कसा बसला, त्याला पुढची शिडी दिसत होती म्हणूनच ना. असेलही. पण मग असंही वाटतं की तेव्हा बोलून त्याच्या हातात काय होतं, आणि जेव्हा हातात आलं तेव्हा त्याने काय केलं ते बघायला नको का. दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी बसून आहेत, एक दुसरीला उठवत नाही.

१८९२ला तो निवडून आला. इलिनॉयचा, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे त्याचा, पहिला परदेशात जन्मलेला गव्हर्नर, डेमोक्रॅटिक पक्षाचा तर जवळपास चाळीस वर्षांनंतरचा पहिला. जानेवारी १८९३ला शपथविधी, आणि तो इतका आजारी की भाषण सुरू केलं पण पुढचं दुसऱ्याला वाचावं लागलं. सगळ्यांना वाटत होतं की तुरुंगात उरलेल्या तिघांना, फील्डन, श्वाब आणि नीबीला, तो लगेच सोडेल. दिवस जायला लागले. डॅरो अधीर होऊन विचारायला गेला, तर अल्टगेल्ड म्हणाला की मी घाई करणार नाही, कागद वाचून ठरवेन, आणि सोडायचं ठरवलं तर तुम्हा लोकांना वाटतंय तसं कौतुक होणार नाही, त्या दिवसापासून राजकारणात मी मेलेला माणूस असेन.

इथे माझ्या मनातला मुद्दा येतो. तिघांना सोडा असं म्हणणारे तेव्हा शिकागोत थोडेथोडके नव्हते. हजारो सह्यांचा अर्ज होता, आणि सह्या बँकवाल्यांच्या, व्यापाऱ्यांच्या, वकिलांच्या. ज्या ग्रँड ज्युरीने या लोकांवर आरोप ठेवले तिचा प्रमुख, ड्रेयर नावाचा बँकर, तोच आता रडकुंडीला येऊन सोडा म्हणत होता. या मोठ्या लोकांचं म्हणणं असं की गुन्हा झाला, पण सात वर्षं भोगली, पुरे झालं, आता दया करा. म्हणजे अल्टगेल्डसमोर सोपा रस्ता होता. दोन ओळी लिहायच्या, मानवतेच्या दृष्टीने वगैरे, खाली सही. तिघे घरी गेले असते, चार दिवस पेपरात कुरकुर झाली असती, आणि हा माणूस पुढे सिनेटमध्ये गेला असता.

त्याने लांबलचक निवेदन लिहिलं, छोटं पुस्तक होईल एवढं.

मी ते वाचलंय, सावकाश, शब्दकोश बाजूला ठेवून, आणि सुरुवातीलाच दचकले होते. कारण तो म्हणतो, हे लोक दोषी असतील आणि खटला नीट झाला असेल तर मी हात लावणार नाही. मग कुठलीच शिक्षा जास्त नाही. सरकारने स्वतःचं रक्षण केलंच पाहिजे, खुनाला शिक्षा झालीच पाहिजे. दयेचा दरवाजा त्याने पहिल्यांदा स्वतःच बंद केला. आणि मग एक एक कागद उघडायला लागला. ज्युरी कशी निवडली? नेहमी चिठ्ठ्या टाकून नावं काढतात, इथे हेन्री राइस नावाच्या बेलिफला, म्हणजे कोर्टाच्या माणसाला, सांगितलं, तू माणसं गोळा कर. हा राइस बाहेर लोकांना सांगत होता की केस मीच सांभाळतोय, मी असेच लोक आणतोय की आरोपींना नको म्हणून म्हणून त्यांचे सगळे नकार संपतील, आणि शेवटी हवे तेच उरतील, हे लोक नक्की लटकणार. ओटिस फेव्हर नावाच्या शिकागोच्या एका व्यापाऱ्याने हे शपथेवर लिहून दिलं होतं. ९८१ जणांना तपासून बारा निवडले. त्यातले कितीतरी जण कोर्टात सरळ सांगत होते की आमचं मत आधीच झालंय, आमच्या मनात अढी आहे, आणि जज गॅरी त्यांना प्रश्न फिरवून फिरवून विचारायचा की तरी पुरावा ऐकून न्यायाने वागायचा प्रयत्न कराल ना, हो म्हटलं की पास. एक जण म्हणाला मेलेल्या पोलिसांपैकी एक माझ्या नात्यातला, तरी जजने त्याला अपात्र ठरवलं नाही. अल्टगेल्डने हे सगळे सवाल-जवाब जसेच्या तसे उतरवून दिलेत, पानंच्या पानं. त्यात वाक्चातुर्य काही नाही. नोंदी आहेत. पण वाचताना घशात काहीतरी अडकतं, कारण आपल्याला ठाऊक असतं की या बारा माणसांनी काय केलं.

पुढे तो म्हणतो, बॉम्ब टाकणारा कोण ते माहीत नाही, तर त्याने या लोकांचं ऐकून टाकला हे कुठून सिद्ध केलंत? जो सापडलाच नाही तो कुणाचं भाषण ऐकून पेटला हे कोर्टाला कसं कळलं? मग तो पोलिसांकडे वळतो, आधीच्या वर्षांत संपकऱ्यांची डोकी कशी फोडली, माणसं कशी मारली, कुणावर कारवाई झाली नाही, आणि म्हणतो की अशा मार खाल्लेल्यांपैकी कुणीतरी सूड म्हणून हे केलं असणं जास्त संभवतं. आणि शेवटी जज गॅरीवर. तिथे त्याची लेखणी तापलीये हे कळतं. विरोधक म्हणाले जुनं वैर काढलं. मित्र असलेल्या डॅरोलासुद्धा गॅरीवरचा तो हल्ला पटला नव्हता. मलाही तो भाग वाचताना जरा थांबावंसं वाटतं, इतके थंड डोक्याने मांडलेले कागद आणि मग एकदम हा आवाज. पण काढून टाकावा का, तर नाही वाटत. चार माणसं गेली होती. कुणावर तरी ती जबाबदारी नावानिशी ठेवायला कुणीतरी हवं होतं.

२६ जून १८९३. सकाळी राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डच्या ऑफिसात मोजकी माणसं. राज्याचा सेक्रेटरी हिनरिक्सन, तो नंतर सांगायचा की मी विचारलं, हे धोरण म्हणून बरं आहे का, तर गव्हर्नरने टेबलावर मूठ आपटली, हे बरोबर आहे म्हणाला. माफीपत्रं तयार करणारा तरुण कारकून ब्रँड व्हिटलॉक, पुढे तो मोठा माणूस झाला. आणि ड्रेयर, त्याच्याच हातात कागद देऊन त्याला जोलिएटच्या तुरुंगात जायला सांगितलं, तर त्याला बोलता येईना. नंतर व्हिटलॉकला गव्हर्नर घोड्यावरून जाताना भेटला. व्हिटलॉक म्हणाला, आता वादळ येणार. अल्टगेल्ड म्हणाला, हो, माझी तयारी होती, मी फक्त योग्य ते केलं. व्हिटलॉकने लिहून ठेवलंय की त्याने ते अगदी सहज म्हणाल्यासारखं म्हटलं, पण ते सहज पूर्ण वठलं नाही. हा बारकावा मला फार आवडतो. तो घाबरला होता, चेहऱ्यावर दिसत होतं, आणि घोडा पुढे गेला.

वादळ आलंच. गावोगाव त्याचे पुतळे जाळले. पेपरांनी त्याला अराजकवादी ठरवलं, शिकागो ट्रिब्यूनने लिहिलं की याच्या अंगात खऱ्या अमेरिकन रक्ताचा थेंब नाही. तीन महिन्यांचा असताना आलेला, सोळाव्या वर्षी त्या देशासाठी बंदूक उचललेला आणि तिथला ताप अजून अंगात वागवणारा माणूस. पण नीट बघितलं तर शिव्या तिघांना सोडलं म्हणून कमीच होत्या. ते तर त्याच लोकांनी मागितलं होतं, सह्या करून. शिव्या होत्या त्या कारणांना. तू सोडलंस ते ठीक, पण आम्ही चुकलो असं का लिहिलंस? आमच्या कोर्टाने, आमच्या पोलिसांनी, आमच्या पेपरांनी निर्दोष माणसं मारली असं सरकारी कागदावर का लिहिलंस? लोकांना दया करायला आवडतं, त्यात आपण वरच राहतो, देणारे. आपण केलेलं चुकीचं होतं हे मात्र कुणी लिहून दाखवलं की त्याला माफी नाही.

मला इथे आमच्या मीटिंगमधला तो चहाचा कप दिसतो, पण तो विषय असो.

गव्हर्नर म्हणून त्याने केलेलं बाकी कामही कमी नाही. १८९३ला कारखान्यांचा कायदा झाला, चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, बायकांना आठ तासांचा दिवस, आणि तो राबवायला त्याने फ्लोरेन्स केली या बाईंना मुख्य इन्स्पेक्टर नेमलं, ज्या काळात बायकांना मतही नव्हतं त्या काळात. दोन वर्षांत त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने आठ तासांचं कलम उडवलं. युनिव्हर्सिटीला त्याने भरभरून पैसा मिळवून दिला, त्याच्या आवडीच्या किल्ल्यासारख्या इमारती इलिनॉयच्या कॉलेजांत अजून उभ्या आहेत. शिकागोच्या ट्रामवाल्या भांडवलदारांना वर्षानुवर्षांचा मक्ता देणारी बिलं त्याने व्हेटो केली, आणि सांगतात की तेव्हा त्याच्यापुढे पाच लाख डॉलरची लाच ठेवली होती, नेमकं तेव्हाच त्याची युनिटी बिल्डिंग कर्जात बुडत होती.

आणि मग पुलमन. रेल्वेचे झोपायचे डबे बनवणारा जॉर्ज पुलमन, त्याने कामगारांसाठी अख्खं गाव वसवलेलं. १८९३च्या मंदीत त्याने पगार कापले, पण त्याच गावातल्या घरांचं भाडं काही कमी केलं नाही. मे १८९४ला संप झाला, रेल्वे ठप्प झाल्या. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड, अल्टगेल्डच्याच पक्षाचा, त्याने राज्याला न विचारता शिकागोत लष्कर पाठवलं. अल्टगेल्डने तारेवर तारा केल्या की आमची मिलिशिया, राज्याची स्वतःची पलटण, आहे, मी मागितलेलं नाही, तुम्हाला हा हक्क नाही. क्लीव्हलंडने दोन वाक्यांत उडवून लावलं. संप मोडल्यावर सगळे ते विसरले, पण ऑगस्टमध्ये हा गव्हर्नर त्या गावात स्वतः गेला, घराघरात शिरला. सुमारे ६००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, खायला नाही. त्याने पुलमनला पत्र लिहिलं, भाडं माफ कर, काम वाटून दे. पुलमनने ऐकलं नाही. मग त्याने लोकांनाच आवाहन केलं, मदत पाठवा. हे वाचताना मला १९८२च्या गिरणी संपातली आमची चाळ आठवते, संपाच्या दुसऱ्या पावसाळ्यात आईने पितळी डबे एक एक करून बाहेर काढले तेव्हाचं घर, फळीवर उरलेल्या गोल खुणा. आमच्या दारात कुठला मोठा माणूस काय शिजतंय ते बघायला आला नाही.

१८९६ला तो पडला. पक्षात तेव्हा त्याचा शब्द चालत होता, क्लीव्हलंडचं सगळं धोरण त्याने शिकागोच्या अधिवेशनात उलथवलं, पण जन्म परदेशातला म्हणून राष्ट्राध्यक्षपदाला तो उभा राहूच शकत नव्हता. प्रचारात थिओडोर रूझवेल्टपासून सगळे त्याच्यावर तुटून पडले, खुन्यांचा पाठीराखा म्हणून. जानेवारी १८९७ला नव्या गव्हर्नरच्या शपथविधीत मावळत्याने दोन शब्द बोलायचा रिवाज असतो. त्याने भाषण लिहून आणलं होतं. बोलू दिलं नाही. पुढे मेयरपदाला उभा राहिला, तिसरा आला. इमारत गेली, पैसा गेला. शेवटी डॅरोच्या ऑफिसात वकिली करत होता. मार्च १९०२ला जोलिएटला, त्याच जोलिएटला जिथून तिघे सुटले होते, दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांशी लढणाऱ्या बोअरांच्या बाजूने भाषण करून तो कोसळला आणि १२ मार्चला गेला. वय ५४. शिकागोच्या पब्लिक लायब्ररीत त्याचा देह ठेवला होता आणि हजारो माणसं रांगेत उभी राहिली. त्याला पुरलं ग्रेसलँडमध्ये. त्याच दफनभूमीत पुलमन पण आहे, कामगार आपलं प्रेत उकरतील या भीतीने त्याच्या घरच्यांनी त्याच्यावर काँक्रीट आणि लोखंडाचे रूळ घालून घेतले होते.

मला कधी कधी माझ्या ओळखीतले वकील मित्र म्हणतात की अल्टगेल्ड व्यवहारी नव्हता. नुसती सही केली असती तर तिघे तसेही सुटले असते, आणि हा गव्हर्नर पुन्हा निवडून येऊन कारखान्याच्या कायद्यासारखी आणखी दहा कामं करता. हा मुद्दा पोकळ नाही. मी त्यावर खूप विचार केलाय. बायकांच्या आठ तासांसाठी तो आणखी चार वर्षं हवा होता, हे खरंच आहे.

पण मग मला ऑस्कर नीबी आठवतो. नीबीविरुद्ध पुरावा इतका तोकडा की सरकारी वकील ग्रिनेल स्वतः म्हणाला होता की याच्यावर केस आहे असं मला वाटत नाही, हे मेयर हॅरिसन आणि शहराचा वकील विन्स्टन दोघांनी लिहून दिलंय, आणि अल्टगेल्डने ते निवेदनात घातलंय. तरी पंधरा वर्षं. तो आत असतानाच त्याची बायको गेली. शिक्षा ऐकल्यावर नीबी कोर्टात जे बोलला ते मी एकदाच वाचलं आणि पुन्हा वाचायला धीर होत नाही. तो जजला म्हणाला, मला या बाकीच्यांबरोबर फाशी दिली नाहीत याचं वाईट वाटतं. इंचाइंचाने मरण्यापेक्षा एकदम मेलेलं बरं. बाप मेला कळलं तर माझी मुलं त्याला पुरतील, थडग्यापाशी जाऊन गुडघे टेकतील. पण न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात बसलेल्या बापाला भेटायला ती येऊ शकणार नाहीत. त्या मुलांचा बाप दया म्हणून सुटला असता तर घरी आला असता, हो, पण खुनी म्हणूनच आला असता, सरकारने मोठ्या मनाने सोडलेला खुनी. २६ जूनला तो आला तेव्हा त्याच्याबरोबर राज्याच्या गव्हर्नरच्या सहीचा कागद होता आणि त्यात कारणांसकट लिहिलं होतं की या माणसाविरुद्ध केसच नव्हती. वकील मित्रांना मी एवढंच विचारते की नीबीच्या मुलांना तुमचा तो दोन ओळींचा कागद दाखवून बघा. त्यावर अजून कुणी मला उत्तर दिलेलं नाही.